सेटबॅकमधला कढीपत्ता

सेटबॅक म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. तिथे बांधकाम करायचं नाही, बस. हा झाला कागदावरचा अर्थ. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि स्वयंपाकघराचं दार थेट त्या जागेत उघडायचं. आम्ही तिला नुसतं 'मागे' म्हणायचो. आई कुठेय? मागे.

तिथे आईने कढीपत्ता लावलेला. झाड पार वरच्या मजल्याच्या खिडकीला टेकलेलं. कुणाच्या घरातला कढीपत्ता संपला की ती बाई जिना उतरून यायची, "काकू, घेते हं" म्हणत डहाळी मोडायची आणि उंबऱ्यावर टेकायची. वर तिची आमटी आटायची, खाली सासूची गाऱ्हाणी संपायची नाहीत. आईचं दार दिवसभर सताड उघडं. मी जाम चिडायचे. अभ्यास करू की हे ऐकू? आज त्या गाऱ्हाण्यांसाठी जीव तुटतो, खरं सांगते.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मीटिंगमध्ये आर्किटेक्टने नकाशा पसरला. खाली सगळं पार्किंग, आम्हाला नववा मजला. आईने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता ही काही सही करत नाही. तेवढ्यात तो म्हणाला, "इमारत उंच होणार, त्यामुळे सेटबॅक आधीपेक्षा जास्त सोडावा लागेल."

"म्हणजे मागे जागा वाढणार?" आईचा चेहरा एकदम खुलला.

"हो आजी, बरीच."

झालं! आईने सही ठोकली. घरी आल्यावर मी कानीकपाळी ओरडले, "अगं, ती जागा बसायला नसते!"

"आधी तरी कुठे बसायला होती? बसलोच ना आपण?"



झाड तुटण्याआधी आईने त्याच्या मुळाशी फुटलेलं एक रोप काढून कुंडीत लावलं. नवी इमारत होईपर्यंत दिवा स्टेशनजवळ घेतलेल्या भाड्याच्या घरात पाण्याची बोंब, तर ही तांदूळ धुतलेलं पाणी राखून ठेवायची, त्या रोपासाठी. "परत गेलो की मागे लावायचंय," हे रोजचं पालुपद.

ताबा मिळाला त्या दिवशी ती लिफ्टकडे वळलीच नाही. कुंडी कडेवर घेऊन तडक मागे. जागा खरंच ऐसपैस होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, माती औषधालाही नाही. वॉचमन धावत आला.

"आजी, इथे काही ठेवू नका. आग लागली तर बंब फिरायला जागा पाहिजे."

"मग आग लागेपर्यंत रिकामीच ना?"

तो हसला. मला हसू आलं नाही. आई वाकून दोन ब्लॉकच्या फटीत बोट घालून बघत होती.

कुंडी शेवटी नवव्या मजल्यावर गेली, स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत. मी ठाण्याहून दर रविवारी जाते. घर छान आहे, उजेड भरपूर. जुन्या बायकाही याच इमारतीत आहेत, वरखाली विखुरलेल्या. त्यांचा कढीपत्ता आता मोबाईलवरून मागवला की भाजीबरोबर दारात येतो. आई कसलीही तक्रार करत नाही आणि तेच मला खातं.

परवा ती कढीला फोडणी देत होती. बाल्कनीचं दार सताड उघडं, वारा असा की गॅस सारखा विझत होता.

"आई, लाव की ते दार."

"राहू दे."

"नवव्या मजल्यावर मागच्या दाराने कोण येणार आहे?" वैतागून बोलून गेले मी.

तिने पुन्हा लायटरने गॅस पेटवला. "कळतं गं मला. पण लावून घेतलं की कुणाला तरी परत पाठवल्यासारखं वाटतं."

मग मी ताट घेतलं आणि फोडणी होईपर्यंत वाऱ्याला आडवं धरून उभी राहिले.