आज अक्का नाही

दर अमावस्येला सकाळी अक्का भाकरी केंद्राच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि जाहीर करायची, "आज मी न्हाय. मेले असं समजा, आन् मला काय बी इचारू नका."

मग संध्याकाळी भाकऱ्यांचा टेम्पो निघेपर्यंत तोंडातून शब्द नाही. चहा दिला तर प्यायची, माशी बसली तर हाकलायची, पण समोर तव्यावर भाकरी करपली तरी ढिम्म. टेम्पो गेला की उठायची, "आले मी गं," म्हणायची आणि एकेकीच्या चुका सांगायला लागायची. कडक भाकरी करणाऱ्या बायका सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. महिन्यातून एकदा मरणारी मालकीण फक्त आमच्याकडे होती. अक्का माझी मावशी. मी तिच्याकडे फोनवरच्या ऑर्डरी घ्यायचे आणि सुरुवातीला मला हा सगळा चावटपणा वाटायचा.

त्यामागे काका होते, अक्काचे यजमान. त्यांची शेंगा चटणी पार मोहोळपर्यंत जायची. लसूण, तिखट, मीठ सगळं त्यांच्या हाताच्या अंदाजानं, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते अचानक गेले. ती चव कुणालाच जमेना, गिऱ्हाईक तुटलं आणि चटणी कुटणाऱ्या बायका घरी बसल्या. त्याच बायकांना गोळा करून अक्कानं भाकरी सुरू केली. म्हणायची, "नवरा गेला ती शिवाची मर्जी. चटणी गेली ती आमची चूक."

शांताबाई आमची सगळ्यात जुनी. ही परीक्षा अमावस्येलाच कशाला, असं तिनं कुरकुरत विचारलं, तर अक्का म्हणाली, "संकट काय मुहूर्त बघून येतंय व्हय?" पहिल्याच खेपेला शांताबाईनं घाईत गरम भाकऱ्या खोक्यांत भरल्या. त्या मऊ पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या परत आल्या. अक्कानं भरताना पाहिलं होतं, पण बोलली नव्हती. रागावलीही नाही. त्याच भाकऱ्या ताकात कुस्करून तिनं सगळ्यांना वाढल्या आणि शांताबाईच्या ताटात लोण्याचा गोळा घालून म्हणाली, "आता जल्मात इसरणार न्हाईस."

पुढं अक्काची चलाखी वाढत गेली. कधी गिरणीची किल्ली लपवायची, कधी गॅस बंद करून ठेवायची. आम्ही मनातून शिव्या घालायचो, पण सरपण रचून ठेवायला, एक दिवसाचं पीठ शिल्लक ठेवायला आणि एकमेकींची कामं शिकायला लागलो. एकदा वादळात लाईट गेली आणि आसपासच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा आमच्या चुली पेटलेल्या होत्या. अक्का पदराआड हसत होती. ते हसू मला फार आवडायचं.

यंदा चैत्राच्या अमावस्येला टेम्पोवाला खरोखरच आला नाही. त्याची गाडी बंद पडली होती. शांताबाईनं मला न विचारताच दुसरा बोलावला. दुपारी अक्काजवळ ठेवलेला चहा तसाच राहिला. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नाही हाच तर नियम होता.

टेम्पो गेला. पिठाचे हात धुऊन आम्ही खुर्चीभोवती जमलो. अक्का खुर्चीच्या पाठीला मान टेकून बसली होती. शांताबाई तिच्या पायाशी बसली.

"अक्का, टेम्पो गेला की. एक बी भाकरी मऊ न्हाय. आता या."

तिनं हात धरला, तो गार होता.

चहाच्या सुमारासच गेल्या असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. एकीनं जरी नियम मोडून हाक मारली असती तर, हे मला अजून खातं. टेम्पो निघालेला तिनं पाहिला नाही, हे त्याहून जास्त.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. खड्ड्यात तिला तशी बसलेली पाहिली आणि मला रडू आवरेना. परतताना वाटेत मी शांताबाईला म्हणणार होते, की चार दिवस केंद्र बंद ठेवू. तिनं मला काही विचारलंच नाही. सरळ आत गेली, दाराशी असलेली खुर्ची पदरानं पुसली आणि चूल पेटवली.