मध्यंतराला उठणारे काकाजी

मध्यंतराचे दिवे लागले की वामनराव काकाजी धोतर झटकून उठायचे, आणि मग शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, विमलकाकूंनाही, उठावंच लागायचं. सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. बाहेर आल्यावर ते पुढच्या खेळाच्या रांगेपुढे उभे राहत आणि अनोळखी माणसांना सांगत, "घरी जा गा. पुढं काय होते ते लहान लेकरालेही समजते." मग काकूंना सायकलच्या कॅरिअरवर बसवून सदरच्या थिएटरपासून परत आमच्या महाल वस्तीत. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले तेव्हा गल्लीत ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जायची. मला ती ऐकून पहिल्याच दिवशी राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

काकाजी एका कचेरीत कारकून होते. "अर्ध्यात समजते, मंग बाकीचं काहून पाहाचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू दारापाशी जरा रेंगाळल्या, पडद्याकडे वळून पाहू लागल्या, की वर, "बाकीचं डोक्यात पाहून घे." संध्याकाळी ओट्यावर बसून ते सिनेमावाल्यांची सालटी काढत. नट आजोबा झाला तरी कॉलेजातच जाते, आई शिवणयंत्रावर बसल्याशिवाय खोकत नाही, आणि पोलीस येतात ते मारामारी संपल्यावर पंचनामा कराले. त्यांचं म्हणणं पुष्कळदा बरोबर असायचं. ऐकताना मला हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग यायचा.

हॉटेलातही तीच तऱ्हा. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा आम्ही त्या दोघांना सदरच्या एका हॉटेलात डोसा खायला नेलं. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, तोच काकाजींनी चमचा खाली ठेवला. "हे सांबार नाही, वरणाले ताप आला आहे." आधी वेटरला बोलावलं, मग आचाऱ्याला, मग मालकाला, आणि सगळ्यांची हजेरी घेऊन झाल्यावर उठले. काकूही उठल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही तरी खा हो. त्यांनी जेमतेम मोडलेल्या त्या डोशाकडे पाहिलं, हसल्या आणि चपला शोधू लागल्या. घरी पोचल्यावर काकाजींना भूक लागली. काकूंनी तीच साडी खोचून बेसनाचं चून आणि भाकरी केली. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि इकडे मी माझ्या गरीब नवऱ्यावर ओरडत होते.

खरं तेही सांगते. माझ्या सासूबाई अचानक आजारी पडल्या तेव्हा भर उन्हात धावत जाऊन रिक्षा आणणारे काकाजीच होते. त्या घरी येईपर्यंत रोज दवाखान्यात डबा पोचवणारेही तेच. डबा अर्थात काकू करायच्या.

दुपारी आम्ही बायका काकूंच्या अंगणात तांदूळ निवडायला जमायचो. तेव्हा काकू सिनेमे सांगत, आणि पुरे सांगत, अगदी शेवटापर्यंत. शेवट कुठून कळला असं कुणी विचारलंच तर म्हणत, "भंडाऱ्याले माहेरी गेली होती ना, तेव्हा पुरा पाहिला." एका सिनेमाचा शेवट आम्ही त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावत असू. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बायको कुठल्याशा गावी शाळा चालवते. बऱ्याच वर्षांनी तो तिला न्यायला येतो. ती त्याला पाणी देते, चहा देते, आणि मग म्हणते, आता तुम्ही जा. आणि दार लावून घेते. काकू 'दार लावून घेते' म्हणाल्या की आमचे सुपावरचे हात थांबत.

पुढे टीव्ही सकाळचाही सुरू झाला. आमच्याकडे रंगीत संच होता, त्यामुळे काकाजी आपला चहाचा कप हातात घेऊन रोज सकाळी आमच्या बैठकीत हजर. पाहायला नव्हे, भांडायला. निवेदिका हसून नमस्कार करायची आणि हे तिला उत्तर द्यायचे, "सकाळी सकाळी हे बाई इतकी काहून हासून राहिली? हिच्या घरी नळाले पाणी आलं वाटते." कुणी व्यायाम शिकवू लागला की म्हणायचे, याले आमच्या विहिरीवर पाठवा. अर्धा कार्यक्रम झाला की उठून आंघोळीला. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असत, तेवढ्यात त्यांनाही हाक यायची.

एके दिवशी त्या कार्यक्रमात एक जुनी नटी पाहुणी म्हणून आली होती, म्हणून गल्लीतल्या बायकाही आमच्या बैठकीत जमल्या होत्या. काकाजी उठायच्या आधीच तिच्या गाजलेल्या सिनेमाचा शेवट दाखवला. तोच सिनेमा. नवरा दारात येतो, ती धावत सुटते, त्याच्या पाया पडते आणि तिथेच त्याच्या मांडीवर प्राण सोडते. शेजारच्या सिंधूवहिनी वळून म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर सांगत होत्या का ते दार लावून घेते."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. काकाजींना उलगडा व्हायला जरा वेळ लागला. झाला तेव्हा ते सगळ्यांत मोठ्याने हसले. "पाहा, मी काय म्हणतो? अर्ध्यात उठवलं म्हणून तर हिचं डोकं चालाले लागलं. माझेच उपकार आहेत."

मी उठून टीव्हीचं बटण खाडकन बंद केलं. काकू रडल्या नाहीत. चौकटीला टेकूनच, हळू आवाजात म्हणाल्या, "मले पुरा पाहाचा होता. एक तरी."

काकाजींच्या हातातला चहा तसाच निवला.

पुढच्या रविवारी काकाजी आपणहून म्हणाले, चला सिनेमाला. मी आणि नवराही गेलो. मध्यंतराचे दिवे लागले. बहुधा सवयीनेच असेल, काकाजी धोतर झटकून उठले. काकू बसून राहिल्या.

"चाल वं."

"तुम्ही जा. मी पाहून येते."

काकाजी खुर्च्यांच्या रांगेत उभेच. तोंडातून आणखी एक शब्द निघाला असता तर मी तिथेच त्यांच्याशी भांडले असते, इतकी मी पेटले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बैठो ना भाई." काकाजी बसले नाहीत. बाहेर निघून गेले.

सिनेमा अगदी रद्दी होता. काकूंनी तो पडद्यावरची शेवटची नावं संपेपर्यंत पाहिला. दारवान दिवे लावून ताटकळला होता. बाहेर आलो तर काकाजी उन्हात सायकल धरून उभे. पुढच्या खेळाची रांग लागली होती, पण त्या दिवशी तिच्याशी ते बोलायला गेले नव्हते. दुसरीकडेच पाहत त्यांनी विचारलं, "काय झालं मंग शेवटी?"

काकूंनी पदर खोचला, कॅरिअरवर बसल्या आणि म्हणाल्या, "डोक्यात पाहून घ्या."

काही वर्षांनी काकाजी गेले. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, मोठा स्पष्टवक्ता माणूस. मी दात आवळून बसून होते. माणसं ओसरल्यावर, पुढे कधीतरी दुपारी, काकू अंगणात मला म्हणाल्या, "दवाखान्यात, शेवटच्या दिवसातही विचारलं वं त्यायनं, त्या सिनेमाचं काय झालं म्हणून."

"मग सांगितलं?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडू लागल्या.