उखाणे जुळवणाऱ्या सुमनकाकू

सुमनकाकू हसतमुख नव्हत्या.

आज सकाळी त्या गेल्या. अजून अंघोळ घालायची होती, तेवढ्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला: 'सदैव हसतमुख, प्रेमळ, सर्वांना आपलंसं करणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.'

चुकलेली वेलांटी मला लांबून दिसते. मेसेज दोनदा तपासला. एकही चूक नाही. 'व्यक्तिमत्त्व'मधला दुसरा 'त'सुद्धा जागेवर.

तेव्हाच कळलं, हे माणसाने लिहिलेलं नाही.

टाकणाऱ्याने नंतर स्वतःच सांगितलं. एआयकडून घेतला म्हणे, कौतुकाने.

काकू आमच्या समोरच्या दारात राहायच्या, पिंपळे गुरवला. मूळच्या लातूरकडच्या. नामदेवकाका पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. मी शाळेत असतानाच ते गेले.

तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना कुणी बोलावलं नाही. लिफ्ट असलेल्या, कॅमेरे लावलेल्या बिल्डिंगमध्ये.

पण हळदीकुंकवाच्या आधीचा आठवडा सगळ्या बायका काकूंच्याच घरात असायच्या.

उखाण्यांसाठी.

काकू आधी उलटतपासणी घ्यायच्या. नवरा कुठल्या शिफ्टला, भाजी कुठली टाकतो, चिडला की काय करतो, घोरतो का. मग मटार सोलत बसायच्या. आणि अचानक म्हणायच्या, हं, घे.

बायका विसरतात म्हणून लिहून द्यायचं काम माझ्याकडे. माझा डिप्लोमा अर्धवट राहिला, पण अक्षर बरं आहे. मी ऱ्हस्व-दीर्घापाशी अडलो की काकू म्हणायच्या, "तू वेलांट्या मोजत बस. तोवर नवरीला नातू व्हायलाय."

तिसऱ्या मजल्यावरच्या रेखावहिनींना दिलेला हा:

चाकणची बस चौकात, मोजे अजून हातात,
संतोषराव पळाले, डबा राहिला घरात.

हळदीकुंकवाला गच्चीवर बायका हसून लोळल्या. संतोषदादांना वर्षभर सगळे 'डबा' म्हणत होते.

गच्चीवरचं हसणं काकू खाली दार उघडं ठेवून ऐकायच्या.

एकदा मी विचारलं होतं, चांगला उखाणा कसा ओळखायचा. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव घालून बघायचं. बसलं, तर टाकून द्यायचा."

कलेबद्दल याहून जास्त मला कुणी शिकवलेलं नाही.

मग या संक्रांतीला कुणीच आलं नाही.

वाद नाही, भांडण नाही. फोनवर दोन सेकंदांत मिळतात, काकूंना कशाला त्रास, असं सगळ्यांचं म्हणणं.

माझी आईसुद्धा गेली नाही.

आईनेच सांगितलं, गच्चीवर दोघींनी एकच उखाणा घेतला. नावं फक्त वेगळी. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोघींना टाळ्या.

त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्टहून आलो की काकूंचं दार उघडं दिसायचं. ताटात मटार. समोर चार पाट मांडलेले. रिकामे.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. "तुझ्या त्या फोनला सांग, मला माझ्या मालकाचं नाव घ्यायचंय. मालक वारलेत, हेबी सांग."

मी टाइप केलं. फोनने आधी दुःख व्यक्त केलं. मग उखाणा दिला:

आठवणींच्या बागेत सुगंध दरवळतो,
नामदेवरावांच्या नावाने दिवस माझा उजळतो.

खाली विचारलं होतं, आणखी पाच बनवू का?

मी वाचून दाखवलं.

काकू म्हणाल्या, "पाच? मालक एकच होता की रे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी दार लोटून घेतलं. खाली बघत, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी काकांचं नाव घेतलं. उखाण्यात. दोन ओळी. त्यात प्रेस शॉप होतं, आणि काकांची एक खोड, जी काकूंशिवाय कुणाला माहीत असणं शक्य नाही.

इतकी वर्षं बिल्डिंगभरच्या नवऱ्यांची नावं जुळवली. स्वतःच्या नवऱ्याचं घ्यायला लोटलेलं दार लागलं.

मी कागद ओढला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हे लिहायचं नसतंय."

परवा कँटीनमध्ये एक मित्र म्हणाला, "भावा, उखाणा म्हणजे काय कला आहे का? दोन ओळी तर असतात."

असेल बाबा. दोनच ओळी.

पण त्या दोन ओळींसाठी बायका एका विधवेच्या घरात येऊन बसत होत्या. तिच्या हातचा चहा पीत होत्या. तिला आपल्या नवऱ्यांबद्दल सांगत होत्या. आम्ही तिला दुसरं कुठलं निमित्त ठेवलंच नव्हतं. होतं तेही फोनने घेतलं.

फोनने कसलं? आम्हीच दिलं.

आज त्याच बायका काकूंच्या दारात उभ्या राहून रडत होत्या. खोटं रडत होत्या असं मी म्हणत नाही.

रेखावहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, काकूंचा एखादा न ऐकलेला उखाणा आहे का तुझ्याकडे, स्टेटसला टाकते.

नाही म्हणालो.

आहे. पाठ आहे. इथेही टाकणार नाही, कमेंटमध्ये मागू नका. बिल्डिंगला तो ऐकायचा असता, तर संक्रांतीला काकूंना गच्चीवर बोलावलं असतं.

काकू, समोरच्या दारातून शेवटचा नमस्कार.

तिकडे तरी मोठ्याने नाव घ्या.