अख्तरीबाईची सावड

मी पुंजाजी, जीपवाला. खामगावच्या कापूस बाजारामागं एका माडीवर कॅन्सरवाल्यायचं ऑफिस होतं, त्यायची जीप मी चालवाचो. मोठ्या शहरातल्या डॉक्टर लोकायले शोधून काढाचं होतं, का शहरातली बाई दुखणं लहान असतानाच दवाखान्यात येते अन् खेड्यातली मराच्या टायमालेच काऊन येते. दुरून डोंगर साजरे! प्रश्न त्यायचा, अन् मरमर अख्तरीबाईची.

अख्तरीबाई तिथली मॅनेजर. पिंजाऱ्याची पोर, बापानं गाद्या भरून भरून शिकवली. कोणत्या गावात कधी शिबिर, डॉक्टरीण कुठं जेवीन, तपासणीच्या बाटल्या अकोल्याले कशा पोचतीन, सारं तिच्या डोकशात. डिझेल भराले विसरलो का माह्यी खैर नसे. आवाज असा का खालचा चहावाला वर पाहे. पण मनात काही ठेवाची नाही. रागावली का तिचा अर्धा चहा मलेच.

तिचं खरं भांडण कापसाशी होतं. बीटीचं बियाणं आलं तशी बोंडं गावभर एकदमच फुटाले लागली. साऱ्यायले वेचणाऱ्या बाया एकाच टायमाले पाहिजे. शिबिराच्या दिवशी बाया वावरात, अन् आमची डॉक्टरीण शाळेत रिकाम्या खाटेजवळ बसून. अशाच एका गावात रुखमाबाईची सून जनकाबाई नाव देऊनही आली नाही, तं आम्ही जीप तिच्या दारात नेली. "वेचणी सोडून तपासणी? काय झालं तिले? धडधाकट तर हाये," सासू म्हणे. आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या साली जनकाबाई आपल्या पायानंच आली. अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. डॉक्टरीणनं तपासलं अन् म्हटलं, गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, अकोल्याले न्या, उशीर नको. नवरा नरम गडी, मायच्या शब्दाबाहेर नाही. जनकाबाईले न्याले घरी गेलो, तं रुखमाबाई दारातच आडवी आली.

"वावर पांढरं पडलं अन् हिले अकोल्याले धाडू? कापूस कोण वेचीन, तू?"

"हाव, मी!" अख्तरीबाई कडाडली. "मी सावड घालते. जनकाबाईच्या ओळी मी वेचते."

आमच्याकडं सावड म्हणजे आज तू माह्या वावरात, उद्या मी तुह्या. पैशाचं नाव नाही, पण सावड बुडवली तर माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. सावडीले नाही म्हणणं म्हातारीले जमलं नाही, ती दारातून सरकली.

"मॅडम, हे तुम्हाले जमते का?" मी हळूच इचारलं.

"पुंजाजी, तू जीप चालव. आपण मेल्याबिगर सरग दिसत नाही." बुरख्याची घडी करून शीटवर ठेवली, कमरेले कापूस टाकाची ओटी बांधली अन् शिरली वावरात. संध्याकाळी अकोल्याहून जनकाबाईले घेऊन आलो, तं हिची बोटं रक्ताळलेली अन् ओटीत कापसापेक्षा कचराच जास्त. वेचणाऱ्या बाया लय हसल्या. अख्तरीबाईही हसली.

मंग अकोल्याच्या जितल्या खेपा झाल्या, तितले दिवस ती सुटी टाकून वेचाले गेली. वाटेत जनकाबाई म्हणे, "पुंजाजीभाऊ, बाईचे दिवस मी फेडीन हो. उन्हाळ्यात तिच्या घरी जाऊन पापड-शेवया करून देईन." मी हाव हाव म्हणत गाडी हाकलत राहो.

उन्हाळा आला. घरोघरी पापड वाळत होते, अन् जनकाबाई गेली. गाठ लय पुढं गेली होती, बाप्पा. त्या रात्री मले जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डिझेल भराले विसरलो, तरी अख्तरीबाई रागावली नाही. ते मले जास्त लागलं.

पुढच्या शिबिराले त्या गावातून एकही बाई आली नाही. "तपासलं का निघते, अन् निघालं का मरते, जनकी नाही पाह्यली का?" असं गाव म्हणे. शहरातून साहेबाचा फोन आला, ते गाव सोडून द्या. अख्तरीबाई शाळेच्या व्हरांड्यात डोकं धरून बसली. दुपार कलली तशी मी जीप वळवून लावली.

तेवढ्यात रुखमाबाई आली. मागं बाया.

"सावड फेडाले आलो," म्हणे. "जितले दिवस तू वेचलं, तितल्या बाया हायेत. मोजून घे. पहिली मी."

अख्तरीबाईनं मोजलं नाही. पदर... नाही, ओढणी तोंडाले लावून ती पोरीसारखी रडली. म्हातारी तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली अन् थांबली.

"ही सावड तं फिटली, बाई. पण पहिल्या साली तुमची जीप दारात उभी होती अन् म्या जनकीले वावरात धाडली. तो दिवस आता कोणाले फेडू?"

अख्तरीबाईनं डोळे पुसले, म्हातारीचा हात धरला अन् तिले आत नेलं.