रिकाम्या घराची मोजणी

रिकामं घर कधी खोटं बोलत नाही, असं मी पूर्वी ठसक्यात सांगत असे. हल्ली सांगत नाही.

माझं काम नवी घरं तपासण्याचं. भिंतींतून ऊन किती आत शिरतं, गच्ची किती तापते, खिडक्या किती उघडतात, हे मोजायचं आणि घर ऊर्जेच्या नियमात बसतं की नाही ते लिहून द्यायचं. आमचा अहवाल गेल्याशिवाय राहायला जाण्याचा दाखला मिळत नाही, त्यामुळे लोक मला चहासुद्धा जरा घाबरतच देतात. मला त्यात थोडी मजा येते, खोटं कशाला बोलू? माणसं फरशीवर आणि देव्हाऱ्यावर जीव टाकतात आणि पश्चिमेला भलीमोठी काच बसवून मोकळी होतात. मे महिन्यात घराची भट्टी झाली की मग वास्तुदोष शोधत फिरतात. माझ्या तोंडाला लगाम नाही, मी हे त्यांच्या तोंडावर म्हणते.

मोजणीची एक अट असते. घर बंद हवं आणि आत कुणी नको. माणूस आत असला की त्याच्या अंगाची ऊब आणि त्याचा श्वास आकड्यांत मिसळतो. श्वास टिपायला माझ्याकडे एक पांढरा डबा आहे, साबणाच्या डबीएवढा. बंद खोलीत ठेवला की हवेत श्वासाचा वायू किती साठतोय ते तो नोंदत राहतो. रिकाम्या घरात त्याची रेघ सपाट जाते, इतकी सपाट की बघताना जांभई येते.

ते घर शहराबाहेर, बिडकीनच्या वाटेवर होतं. मालक तिथल्याच एका कंपनीत कामाला, तिशीतला, बोलायला गोड. जमीन वडिलांची. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या आणि वडील गेले, पण काम थांबलं नाही. घर मात्र फार चांगलं बांधलं होतं. हलक्या राखाडी ब्लॉकच्या जाड भिंती, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, खिडक्यांना दुहेरी काच. मला टोमणा मारायला जागाच मिळेना, त्यामुळे पहिल्या दिवशी मी थोडी नाराजच होते.

घर मार्गशीर्षात तयार झालं आणि मध्ये पौष आला. पौषात कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. माघातला मुहूर्त काढलेला, तोवर दाराला कुलूप. नवराबायको शहरात भाड्याच्या जागेत राहायची. राखणीला मालकाची आई, प्लॉटच्या कोपऱ्यात, बांधकामाच्या वेळी सिमेंट ठेवायला केलेल्या पत्र्याच्या खोलीत.

मी पहिल्यांदा अगदी सकाळी गेले तेव्हा ती त्या खोलीच्या दारात सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे पेटवून शेकत बसली होती. उठून आली. उजवा पाय वाकडा टाकायची, पावलाची फक्त बाहेरची कड जमिनीला लागायची.

"या मावशी, घर दाखवा मला," मी म्हटलं.

ती पायरीच्या अलीकडेच थांबली. "नको बाई. माझं पाऊल आधी नको."

मुलगा माझ्या मागे उभा होता. खाली बघत म्हणाला, "गुरुजी म्हणले, पहिलं पाऊल सवाष्णीचं पायजे. माय नंतर येईल. तशी ती पूजा झाल्यावर पाचोडकडंच ऱ्हाईल, थोरल्या भावाकडं. हितं येऊनजाऊन."

"भिंतींला पाणी मीच मारलं रोज," ती मला म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली. "सकाळ-संध्याकाळ. तवा आतच असायचे मी."

बांधकाम चालू होतं तोवर ते घर नव्हतं, म्हणून चालत होतं. मला राग आला, पण तोंड उघडलं नाही. माझं काम भिंतींचं, माणसांचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आत गेले. नव्या रंगाचा वास, कोऱ्या फरशीचा गारवा, आणि बंद घरात असते ती शांतता. माझ्याकडे गरम-थंड दाखवणारा कॅमेरा असतो. गार ते निळं दिसतं, उबदार ते पिवळं. एकेक भिंत बघत मी आतल्या खोलीत पोचले आणि थांबले. समोरच्या भिंतीवर, जमिनीलगत, एक पिवळसर डाग होता. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला. कुणी पाठ टेकून बसल्यावर उरावा तसा.

मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. कोरी पांढरी भिंत. हात लावला. कोमट लागली.

वायर असेल, पाण्याचा पाइप असेल, असं म्हणत मी नकाशा काढला. त्या भिंतीत वायर नव्हती, पाइपही नव्हता. पुन्हा कॅमेरा धरला तोवर डाग विरत चालला होता. बघता बघता सगळी भिंत निळी झाली. मनात पाल चुकचुकली. मी पांढरा डबा खोलीत ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा घाईनेच बाहेर पडले.

जाताना सवयीने कॅमेरा पत्र्याच्या खोलीकडे वळवला. ती सगळी काळीनिळी दिसली. मध्ये शेकोटीचा एक ठिपका आणि त्याच्याजवळ ती.

काही दिवसांनी डबा काढून रेघ बघितली. दिवसभर सपाट. संध्याकाळी सपाट. आणि रोज पहाटे एक डोंगर. हळूहळू चढलेला, उजाडताना पुन्हा उतरलेला. कुलूपबंद घरात रोज पहाटे कुणीतरी श्वास घेत होतं.

डबा बिघडला म्हणून मी दुसरा लावला. त्याच्यावरही डोंगर. मग मी मालकाला विचारलं, घरात कोण जातं?

"कुणीच नाय मॅडम. पुढच्या दाराची किल्ली माझ्यापाशी. मागची मायपाशी, अन् माय तर पायरी बी चढत नाय, तुम्ही बघितलंच की." रेघ बघता बघता त्याचा चेहरा पालटला. "पहाटंच ना? आमचे वडील, नाना, पहाटंच उठायचे. उठले की पहिलं हितं यायचे, बांधकाम बघायला." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटतच होतं. नाना हायेत घरात."

असल्या गोष्टींना मी एरवी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही. मी त्याला सांगितलं, रेघ सपाट आल्याशिवाय मला अहवाल देता येणार नाही, आणि अहवाल नाही तर माघात राहायला येता येणार नाही. तो म्हणाला, संक्रांतीला नानांना नैवेद्य दाखवतो, शांत होतील.

खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. एका दुपारी मुद्दाम एकटी त्या खोलीत बसले, दार लावून. माझ्या एकटीच्या श्वासाने रेघ किती चढते ते बघायचं होतं. बाहेर करकरीत ऊन, आत भिंती थंडगार. डब्यावरचा आकडा चढू लागला. मी माझे श्वास ऐकत होते. मग मला वाटू लागलं की मी ऐकतेय ते सगळे माझे नाहीत. मी श्वास रोखला. घरात काही हललं नाही, कुठे आवाज नाही, पण भिंतीलगतच्या त्या जागेकडे पाठ करून बसवेना. इतकी वर्षं रिकाम्या घरांतून फिरले, पण उठून दारापर्यंत जायला तेवढा वेळ कधी लागला नव्हता.

संक्रांत झाल्यावर मी पुन्हा गेले तेव्हा आतल्या खोलीत, बरोबर त्या भिंतीपाशी, एक काळी घोंगडी घडी करून ठेवलेली होती. वडिलांची. मुलाने ठेवली होती.

"पहाटं लई गार पडतं," तो म्हणाला. "नानांला थंडी सोसायची नाय."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. पत्र्याच्या खोलीला दार म्हणून सिमेंटच्या गोण्यांचा पडदा होता. वाऱ्याने तो आत-बाहेर होत होता. मी उभी होते त्या नव्या घराच्या भिंती मीच मोजल्या होत्या. दिवसाची ऊब त्या सकाळपर्यंत धरून ठेवत. इतकं उबदार घर मी त्या वर्षी दुसरं बघितलं नव्हतं. मुहूर्त जवळ आला होता. मी त्याला म्हटलं, उद्या उजाडताना आपण दोघं येऊ, स्वतः बघू.

दुसऱ्या दिवशी अंधार विरघळत असताना आम्ही पोचलो. त्याची बायकोही आली होती. ती गाडीतच बसून राहिली. भुताला बघायची हौस नाही म्हणाली, आणि मला तिचं पटलं. थंडीने बोटं वळत नव्हती. पत्र्याच्या खोलीकडे शेकोटी विझलेली होती. वाटलं, आई झोपली असेल. मुलाने चपला काढल्या, मी बूट काढले, त्याने कुलूप उघडलं.

आतून मागच्या बाजूला हलकासा कडीचा आवाज आला. मग काही नाही.

त्याने माझा दंड धरला. माझीही पाचावर धारण बसली होती, पण हातात कॅमेरा होता, तो मी वर केला.

पडद्यावर सगळी फरशी निळी होती, आणि त्या निळ्यावर पावलं उमटली होती. पिवळी, अनवाणी, एकामागे एक. आतल्या खोलीतून निघालेली, स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे गेलेली. नुसत्या डोळ्यांना तिथे कोरी फरशी होती. आतल्या खोलीजवळची पावलं विझत आली होती, दाराजवळची अजून लख्ख होती.

"नाना," मुलगा म्हणाला आणि त्याने हात जोडले.

भीती माझ्या अंगात पार मुरली होती. पण त्याचे जोडलेले हात बघितले आणि तिच्यातून एकदम राग वर आला.

"मेलेल्या माणसाचं पाऊल गरम उठत नाही, भाऊ," मी म्हटलं. "हे जिवंत माणसाचं आहे. नीट बघा."

त्याने बघितलं. डावं पाऊल पुरं होतं, टाच, तळवा, बोटं. उजव्याची फक्त कड. प्रत्येक उजव्या पावलाची फक्त बाहेरची कड.

पडद्यावर पावलं एकेक करून निळ्यात बुडत गेली. मग तो मागचं दार उघडून बाहेर पडला. मी त्याच्या मागे गेले.

आई पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, पाय पोटाशी घेऊन. अंगावर वडिलांची घोंगडी होती. मुलाला बघून ती कसनुशी झाली. चोरी पकडल्यासारखी उठायला लागली.

"माय," तो म्हणाला, "कामून सांगितलं नाय? थंडी वाजती म्हणून?"

"तू कधी इचारलं?" ती म्हणाली. रागाने नव्हे. मग घोंगडीचं टोक चाचपत म्हणाली, "पूजा व्हायच्या आधी गेले आत. चुकलं माझं. पण पहाटंचं लई गार पडतं रं. अन् ते बी आतच असतात की. त्यांच्याजवळ बसते जरा. तू घोंगडी ठिवली, तर तेच म्हणले, मला आता काय करायची, तू घे."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मुलगा तिथेच खाली बसला आणि रडू लागला. तिने घोंगडीतून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो निळा पडलेला हात बघून मलाही रडू आलं.

नंतर तो उठला. तिला धरून पुढच्या दाराशी घेऊन आला. गाडीतून बायको धावत आली. "अवो, पौष हाय ना अजून!"

"हाय," तो म्हणाला. आईला म्हणाला, "हो पुढं."

ती उंबऱ्यापाशी अडखळली. माझ्याकडे बघितलं. सुनेने फक्त वाकून सासूच्या पायाला चिकटलेला गोणीचा धागा काढला आणि बाजूला झाली. आईने वाकडं पाऊल उचलून आत ठेवलं.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टाचं?" त्याने मला विचारलं.

"घरात माणूस राहतंय असं लिहावं लागेल. मोजणी मग वेगळ्या पद्धतीने, पहिल्यापासून. माघाचा मुहूर्त हुकेल."

"हुकू द्या. माय आता कुठं जात नाय," तो म्हणाला.

मी डबा उचलायला आतल्या खोलीत गेले. ती आधीच तिथे पोचली होती. घोंगडी पांघरून त्याच भिंतीला पाठ टेकून बसली होती, भिंतीच्या अगदी मधोमध नव्हे, जरा एका अंगाला सरकून, शेजारी जागा ठेवून. हळू आवाजात काहीतरी बोलत होती. सांगत असावी की पोराने बोलावलं, आता राहायचंय.

कॅमेरा माझ्या हातात चालूच होता. तिच्या शेजारच्या भिंतीवर तो नुसता धरायचा होता, एका क्षणाचं काम. मी तो बंद करून पिशवीत टाकला, दार ओढून घेतलं आणि त्या दोघांना तिथे बसू दिलं.