काउंटरवरच्या वहीचे पान

ती सकाळ आठवली की मला अजूनही स्वतःचेच हसू येते. मी कॅनडातल्या कनाटा गावच्या पोलीस ठाण्यात होतो, नोकरीची शेवटची वर्षे. मुक्तियुद्ध नुकतेच संपलेल्या एका देशातून एक पाहुणा अधिकारी आमच्याकडे शिकायला आला होता. कालपर्यंत जंगलात लढलेला माणूस. आता परत जाऊन त्याला गावातले पहिले पोलीस ठाणे उभारायचे होते. त्याला घडवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्याची मला थोडी घमेंडही होती.

त्या दिवशी काउंटरवरच्या नोंदवहीतले एक पान गायब झाले. ठाण्यात येणारा प्रत्येक जण तिच्यात नाव, पत्ता, फोन नंबर आणि येण्याचे कारण लिहीत असे. खबर दिली कँटीनमधल्या मराठी काकूंनी.

"भाऊ, तुमचा तो गेस्ट सकाळी पेपर श्रेड करत होता. कॉफीपण न घेता गेला. समथिंग इज राँग."

सरकारी नोंद नष्ट करणे हा गुन्हाच. त्याला परत पाठवले असते, तर त्याचे ठाणे कागदावरच राहिले असते. मी त्याला खोलीत बसवले. पाऊण तास मी प्रश्न बदलून बदलून विचारत राहिलो. चौकशीला दाद न देण्याचे शिक्षण त्याचे माझ्यापेक्षा पक्के होते. शेवटी मी विचारले, "तेच पान का?"

"एका बाईनं नवऱ्याविरुद्ध लिहिलं होतं. रांगेतला मागचा माणूस वाकून तिचा पत्ता वाचत होता. आमच्याकडे अशी यादी शत्रूला मिळाली की घरं जळायची."

"आणि त्या पानावरच्या नोंदी गेल्या, त्यांचं काय?"

त्याने डोळे मिटून पानावरच्या अकराही नोंदी घरनंबर आणि फोन नंबरासकट म्हणून दाखवल्या. मी फोन करून सगळ्या ताडून पाहिल्या. एकही चूक नव्हती.

मी खरे तेच वर कळवले आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलो. ताकीद देऊन त्याला ठेवून घेतले. वहीच्या जागी चिठ्ठ्या टाकायची कुलपाची पेटी आली. इतकी वर्षे ती वही माझ्या नाकासमोर उघडी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात त्याच्या गावातल्या नव्या ठाण्यातून त्याचा फोन आला.

"सर, पेटी ठेवली, पण युनिफॉर्म बघून लोक पळायचे. काल एक म्हातारी आली. तीनदा विचारलं, कोण वाचणार? म्हटलं, फक्त मी. मग तिनं स्वतःचं खरं नाव लिहिलं."

मला फार आनंद झाला. पोलिसांवरच्या विश्वासावर मी आयुष्यभर भाषणे दिली. त्या एका नावात ती सगळी आली.