डावा कान दौंडचा

"तवा माझं तोंड दुखत व्हतं, म्हणून बिनबोलाची सून केली. आता तोंड बरं झालं. आता हिचं काय करू, तूच सांग."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी गरम पाण्याचा थर्मास भरून वॉर्डात परत येत होते आणि आमच्या कॉटभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता. पडद्याआड माझ्या सासूबाई होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आणि आत्या हे सांगत होत्या शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या सुनेला, दौंडच्या तबस्सुमला. मी तशीच मागे फिरले आणि भरलेला थर्मास ओतून पुन्हा भरून आणला.

दवाखान्यातले किस्से साठतात ते असे. घरात निदान भिंती असतात, तिथे नुसते पडदे. मैत्रिणी विचारतात, "सासूबाईंचं ऑपरेशन कसं झालं गं?" मी सांगते, "चांगलं झालं." एवढंच मला तोंडाने सांगता येतं. बाकीचं लिहावं लागतं.

*

आत्या मला बघायला शिरूरहून आमच्या गावी आल्या, तेव्हा त्यांनी पदर कानाभोवती घट्ट गुंडाळला होता आणि उजव्या गालावर हात होता. पोहे पुढे केले, हातानेच नको म्हणाल्या. चहा केला, तो निवला. माझ्या आईचा चेहरा उतरला.

प्रश्न त्यांच्या नणंदबाई विचारत होत्या आणि मी एकेका शब्दात उत्तर देत होते. "मुलगी घुमी आहे" म्हणून आधीची स्थळं फिसकटली होतीच. हेही गेलं असं धरून मी पोह्यांच्या बश्या उचलायला लागले. तेवढ्यात आत्यांनी गालावरचा हात काढला आणि म्हणाल्या, "पसंत." आणि लगेच डोळे मिटून पुन्हा गाल धरला. डोळ्यांतून पाणी आलं.

आमच्या घरी अजून सांगतात, व्याहीणबाईंना पोरगी बघून भरून आलं.

भरून आलं नव्हतं, करंट बसला होता. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं ते. वारा लागला, दात घासले, घास चावला, नुसतं बोललं तरी गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची. सुरुवातीला दातांचं समजून त्या बाजूच्या दाढा काढून झाल्या होत्या. दाढा गेल्या, कळ राहिली.

लग्नानंतर दिवसभर घरात आम्ही दोघीच. हे रांजणगावला कंपनीत, कधी या शिफ्टला, कधी त्या. दुपारी आम्ही समोरासमोर बसून मेथी निवडायचो. आत्या पंख्याकडे बघायच्या, मी पंखा बंद करायचे. वरण किती पातळ ते त्या बोटांवर दाखवायच्या. मी एखादी गोष्ट सांगायचे, म्हणजे "वारा सुटलाय" एवढीच, आणि आम्ही दोघी खिडक्या लावायला उठायचो. इतक्या मोकळ्या गप्पा माझ्या आयुष्यात कुणाशी झाल्या नव्हत्या.

*

पुढे गोळ्यांनी आत्यांचा तोल जायला लागला, आणि पुण्यात ऑपरेशन ठरलं. कानामागे छेद देऊन केलं. आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर डॉक्टर तपासायला आले.

"आजी, दात दाखवा बघू. चेहरा दोन्हीकडून सारखा हलतोय का बघायचंय."

"कुठले दाखवू?" आत्या म्हणाल्या. "हिकडचे तर तुमच्या भावकीनं काढून नेले."

डॉक्टर हसले, सिस्टर हसल्या. मी हसले नाही, कारण मी थक्क झाले होते. आत्यांचं सबंध वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एक रक्तवाहिनी नसेला चिकटून सारखी ठोके देत होती, तिला बाजूला करून मधे कापसासारखं मऊ काहीतरी ठेवलंय. ते गेल्यावर आत्यांनी तेच सगळ्या वॉर्डाला सांगितलं, आपल्या पद्धतीने. "दोन जावा एकमेकींला खेटून बसल्या व्हत्या. डॉक्टरनी मधी पडदा लावला."

दुपारी मी तूप लावलेली मऊ चपाती कुस्करून दिली. त्यांनी घास घेतला, चावला आणि थांबल्या. कळ यायची वाट बघत होत्या. मीही बघत होते. ती आली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा चावलं. माझे डोळे भरून आले आणि काहीतरी बोलावं असं फार वाटलं. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मावशी, आता सगळं राहिलेलं खाणार का राहिलेलं बोलणार?"

"दोन्ही," आत्या म्हणाल्या आणि मान तिकडे वळवली.

ती वळलेली मान मग मुक्काम संपेपर्यंत तिकडेच राहिली. मी ताटली धरून इकडे.

*

तबस्सुमची सासू मेहरूनबी. त्यांचंही तेच दुखणं, तेच ऑपरेशन, आत्यांच्या थोडं आधी झालेलं. वॉर्डातल्या मावशी दोघींना मिळून "करंटवाल्या" म्हणायच्या. तबस्सुम माझ्याच वयाची. तिला वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचं दुखणं, गाव आणि जावई माहीत. लिफ्टमनची बदली कुठे होणार तेसुद्धा.

यांचा कंपनीतून फोन यायचा. "आई कशी आहे?"

"बऱ्या आहेत."

"जेवली?"

"हो."

"काय म्हणत होती?"

काय म्हणत होत्या ते मी आठवत असताना एकदा तबस्सुमने हात पुढे करून फोन घेतला. आत्यांनी काय खाल्लं, किती खाल्लं, कशाला नाक मुरडलं, टाके बघताना डॉक्टर काय म्हणाले, त्यावर आत्या काय म्हणाल्या, सगळं चालीवर सांगितलं. पलीकडून यांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्याशी बोलताना हे असे कधी हसल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "हॅलो. तबस्सुमताई आहेत का जवळ?"

*

आत्यांचे कानामागचे केस काढलेले होते. आरशात बघून त्या हिरमुसल्या. मी रात्रीच ठरवलं होतं, वरच्या केसांची सैल वेणी डावीकडून उजव्या कानामागे आणायची, म्हणजे ती जागा झाकली जाईल. फणी पर्समध्ये ठेवली होती. पण टाक्यांच्या इतक्या जवळ फणी लावलेली चालेल का, हे आधी सिस्टरला विचारावं म्हटलं. सिस्टर राउंडला होत्या. मी दाराशी उभी राहिले. त्या आल्या, हो म्हणाल्या, वरूनवरून करा म्हणाल्या.

परत आले तर वेणी घालून झाली होती. डावीकडून. शेवटाला तबस्सुमचा स्वतःचा रबर, गुलाबी.

"बघ, कशी दिसते मी?" आत्यांनी मला विचारलं.

"छान," मी म्हणाले. फणी पर्समध्ये परत टाकताना तिचे दात मला बोटाला लागले. लागू दिले.

*

सगळ्यात मोठा घोटाळा कानाचा. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनच्या बाजूच्या कानाला काही आठवडे दडा बसल्यासारखं वाटेल, हळूहळू जाईल. म्हणजे उजवा कान. माझं स्टूल कॉटच्या उजव्या बाजूला, कारण औषधांचं कपाट तिकडे.

त्या पडद्याआडच्या वाक्यानंतर मी बोलायचं ठरवलं होतं. थर्मास भरताना विषय जुळवायचे. आत्यांना सांगितलं, समोरच्या झाडावर घारीचं घरटं आहे. सांगितलं, आमच्या शिरूरच्या शेजारणीचा फोन होता, तुमची चौकशी करत होती. त्या शांतपणे छताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रागावल्यात. माझ्यासाठी एवढं बोलणं म्हणजे भाषण होतं, आणि ते सगळं त्या बसलेल्या कानात गेलं.

डावीकडे स्टूल न्यायचं म्हटलं तर तिथे आधीच तबस्सुमचं. डावा कान दौंडचा, उजवा शिरूरचा, अशी वाटणी झालेली.

दडा बसल्यामुळे आत्यांना स्वतःच्या आवाजाचाही अंदाज राहिला नव्हता. एकदा त्या तबस्सुमच्या कानाला लागून, आपल्या मते कुजबुजत म्हणाल्या, "समोरच्या बाईचा नवरा तिचं ताट आल्यावरच कसा येतो गं बरोबर?" आख्ख्या वॉर्डाने वळून बघितलं. समोरच्या बाईचा नवरा शिऱ्याचा चमचा तोंडात घालून तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आत्या हळहळल्या. "आजारी पडला का काय बिचारा?"

*

एकदा नळाशी तबस्सुम आणि मी डबे घासत होतो. मी तिच्यावर इतकी जळत होते की साबणसुद्धा तिला आधी मिळाला याचा राग येत होता. ती अचानक म्हणाली, "वैशाली, तुझं नशीब चांगलं आहे."

मी बघितलं.

"तुझी सासू तुझ्यासमोर खरी झोपते. माझी झोपायचं सोंग करते. मी वॉर्डाबाहेर गेले की उठून बसते. सिस्टरने सांगितलं मला."

मी डबा विसळून पालथा घातला. माझ्या मते हे तिने मला बरं वाटावं म्हणून रचलं होतं. त्याचाही राग आला.

*

शिरूरला आल्यावर मला वाटलं, आता आपलं राज्य. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं आत्यांना सांगितलेलं. म्हणजे सगळं माझ्या हातात. टाके काढले, गुलाबी रबर मी धुऊन, वाळवून लांबच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

तर दुपारी व्हिडिओ कॉल. रोज. आत्या मोबाइल तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि दौंडबरोबर जेवायच्या. मी तव्यापाशी. भाकरी झाली की ती कॅमेऱ्यासमोर धरायच्या. "बघ गं, हिनं केली."

"वा, काय फुगलीय मावशी."

"व्हय, हात चांगला हाय हिचा."

माझ्या भाकरीचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, पाठमोरी उभी राहून, दौंडमार्गे.

एका दुपारी रेंज नव्हती. आत्या मोबाइल इकडून तिकडे फिरवून दमल्या आणि गप्प बसल्या. ही संधी. मी धावत येऊन म्हणाले, "आत्या, वारा सुटलाय."

"सुटू दे," त्या म्हणाल्या, आणि खिडकी उघडून उघड्या गालाने उभ्या राहिल्या.

बरोबरच होतं त्यांचं. पण आमचा तेवढा एकच विषय होता.

*

आणि मग त्या दोघी आल्या. दौंडहून एसटीने, आत्यांना बघायला. मेहरूनबी आणि तबस्सुम. आत्या डेपोपर्यंत न्यायला जाणार होत्या, ह्यांनी कसंबसं थांबवलं. गुलाबी रबर कुठून शोधून काढला देव जाणे, वेणीला तोच.

आत्या आणि तबस्सुम बाहेरच्या खोलीत बसल्या. मेहरूनबी मात्र "पाणी पिते" म्हणून आत आल्या आणि माझ्याजवळ पाटावर बसल्या. मी लसूण सोलत होते. त्यांनी न विचारता चार पाकळ्या पुढे ओढल्या. आम्ही सोलत राहिलो. गॅसवर दूध होतं. त्यांनी दुधाकडे बघितलं, मी उठून गॅस बारीक केला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "किती बरं वाटतंय गं पोरी."

चहा घेऊन आम्ही दोघी बाहेर आलो तर आत्यांचं चाललेलं, "तू माझ्या घरात असतीस तर मला औषध लागलं नसतं."

"घेऊन टाका," मेहरूनबी खुर्चीत टेकत म्हणाल्या. "मुलगा रेल्वेत, सारखा बाहेर. घरात आवाज पाहिजे म्हणून मी बोलकी सून केली. आन् मग लागलं हे तोंडाचं दुखणं. हिनं दहा बोलावं, मी एकाचं उत्तर द्यावं तर जीव जायचा. आता कळ गेली, पण सवय लागली ना गप्प बसायची. तुमची द्या मला."

"अम्मी," तबस्सुम म्हणाली. हसत होती, पण तिचा चेहरा जरा पडला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला.

आत्यांना मात्र रंग चढला. "मग ठरलं. आत्ताच घेऊन जा. स्वैपाकाला हुशार हाय, कामाला चलाख, रागवत न्हाई, रुसत न्हाई. खोड एकच, तोंड उघडत न्हाई."

"ती खोड मला चालेल," मेहरूनबी म्हणाल्या.

"परत द्यायची न्हाई हां मग. बघ गं वैशाली, जातीस का दौंडला?"

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहाचा पहिला कप मेहरूनबींना दिला, दुसरा तबस्सुमला. तिसरा घेऊन आत्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"जाते की," मी म्हणाले. "पण आत्या, ह्यापुढं पडद्याआड कुणाला माझं काही सांगायचं असलं, तर जरा हळू सांगा. दडा तुमच्या कानाला बसला होता, माझ्या नाही."